युरोपच्या वीज नियामकांची कोंडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

२ सप्टेंबर २०२१ रोजी लक्झेंबर्ग इथल्या युरोपीय महासंघाच्या न्यायालयानं जर्मनीच्या विरोधात एक निकाल दिला. आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही, आणि त्यात नवल काही नाही. खटल्यातला मुख्य मुद्दा वीजवाहिन्यांच्या भाड्याचा होता. हे भाडं कोणत्या पद्धतीनं काढायचं हे सरकारनं ठरवायचं की नियामक संस्थेनं, असा प्रश्न होता. न्यायालयानं सांगितलं, नियामक संस्थेनंच. सरकारनं त्यात हात घालायचा नाही.

विषय रुक्ष आहे हे मान्य. तरीही हवामानबदलाच्या बाबतीत युरोपात आज जी ओढाताण चालली आहे ती समजून घ्यायची, तर मोठमोठ्या परिषदांतल्या घोषणांपेक्षा या निकालापासून सुरुवात केलेली बरी, असं मला वाटतं. कोळसा बंद करू, पवनचक्क्या उभारू, हे जाहीर करणं सोपं असतं. त्याचा खर्च कुणाच्या बिलात किती पडणार हे ज्या खोलीत ठरतं, त्या खोलीचं दार या निकालानं सरकारला बंद केलं.

नियामक म्हणजे कोण, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. महाराष्ट्रात वीज नियामक आयोग १९९९ सालापासून आहे आणि दरवाढीच्या सुनावणीच्या बातम्या आपण वाचतोच. गंमत अशी की, या बाबतीत महाराष्ट्र जर्मनीच्या पुढे होता. जर्मनीत विजेसाठी स्वतंत्र नियामक आला तो २००५ साली. त्याआधी वीज कंपन्या आणि उद्योगांच्या संघटना आपापसांत बसून करार करत आणि वाहिन्यांचं भाडं ठरवत. बडे बड्यांशी बोलून घेत, आणि घरगुती ग्राहकाला बिल आल्यावर कळत असे.

नियामक लागतो तो मुख्यतः तारांमुळे. वीज निर्माण करणारे दहा असू शकतात, विकणारे पन्नास असू शकतात. पण एकाच गल्लीत दोन कंपन्यांनी आपापल्या तारा टाकणं परवडत नाही. मुंबईच्या उपनगरांत तसं घडलं आहे, पण तो अपवाद. जिथं तार एकच, तिथं तारवाला मक्तेदार. त्यानं भाडं किती घ्यावं आणि कुणालाही अडवू नये, यावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं. युरोपीय महासंघानं १९९६, २००३ आणि २००९ साली कायदे करून हे काम टप्प्याटप्प्यानं केलं. ज्याच्या तारा आहेत त्यानं वीजनिर्मितीच्या धंद्यापासून वेगळं व्हावं, ग्राहकाला पुरवठादार निवडता यावा, आणि प्रत्येक देशात एक स्वतंत्र नियामक असावा, असा त्या कायद्यांचा गाभा आहे. देशोदेशींच्या नियामकांमध्ये मेळ राखणारी एक संस्था २०११ पासून स्लोव्हेनियाच्या राजधानीत, ल्युब्लियानात, काम करते.

हा नियामक सरकारपासूनही स्वतंत्र का हवा? कारण युरोपातल्या कित्येक वीज कंपन्यांची मालकी सरकारकडेच आहे. फ्रान्सची ईडीएफ सरकारी आहे, स्वीडनची वाटनफाल सरकारी आहे. ज्याचा संघ मैदानात आहे त्यानंच पंच नेमायचा आणि पंचाला खुणाही करायच्या, हे कसं चालणार? शिवाय निवडणूक आली की दर दाबून ठेवायचा आणि निवडणूक झाली की सोडून द्यायचा, हा मोह कुठल्याच देशातल्या राज्यकर्त्यांना आवरत नाही. वाहिन्यांत चाळीस वर्षांसाठी पैसा गुंतवणाऱ्याला असला लहरीपणा नको असतो.

जर्मनीचं नियामक मंडळ बॉनमध्ये आहे. तिथं काय झालं होतं, तर मंडळ होतं, अधिकारी होते, सुनावण्याही होत. पण भाडं काढायची सूत्रं सरकार आपल्या नियमावलीत आधीच लिहून देत असे. मंडळानं त्यात आकडे भरायचे. युरोपीय आयोगानं यावर आक्षेप घेतला. जर्मनीनं केलेला बचाव मात्र विचार करण्यासारखा होता. जर्मनीचं म्हणणं असं की, लोकशाहीत लोकांवर बोजा टाकणारा प्रत्येक निर्णय शेवटी संसदेपर्यंत, म्हणजेच मतदारांपर्यंत, जाऊन पोचला पाहिजे. कुणी न निवडलेल्या अधिकाऱ्यांना इतका मोकळा अधिकार कसा द्यायचा? न्यायालयानं हे मान्य केलं नाही. मंडळाच्या प्रमुखाची नेमणूक सरकार किंवा संसद करू शकते, त्याच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात जाता येतं, आणि मुळात युरोपीय कायदा निवडून आलेल्या संसदेच्या संमतीनंच झालेला आहे; एवढं पुरे, असं न्यायालयाचं उत्तर होतं. बेल्जियमच्या विरोधातही २०२० साली असाच निकाल झाला होता. जर्मनीनं मग २०२३ च्या अखेरीस आपला कायदा बदलला आणि सूत्रं लिहिण्याचं काम बॉनच्या मंडळाकडे आलं.

आता त्याच २०२१ सालातली दुसरी घटना पाहा. मार्च महिन्यात कार्ल्सरूहच्या, म्हणजे जर्मनीच्याच, घटना न्यायालयानं एक आदेश दिला. तो एप्रिलच्या शेवटी जाहीर झाला. काही तरुण मंडळींनी अर्ज केला होता की, सरकारच्या हवामान कायद्यात २०३० नंतर काय करायचं हे नीट सांगितलेलंच नाही. न्यायालयानं त्यांचं म्हणणं बरंचसं उचलून धरलं. आजच्या पिढीनं उत्सर्जनाचा बहुतेक वाटा संपवून टाकला, तर पुढच्या पिढीच्या स्वातंत्र्यावर फार कठोर बंधनं येतील आणि ते घटनेला धरून नाही, असा त्या आदेशाचा आशय. सरकारनं काही आठवड्यांतच कायदा दुरुस्त केला. १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत ६५ टक्के घट आणि २०४५ पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्य, हे उद्दिष्ट त्यात आलं. महासंघाचं उद्दिष्ट २०३० साठी ५५ टक्के घट आणि २०५० पर्यंत शून्य असं आहे.

म्हणजे सहा महिन्यांच्या आत दोन न्यायालयांनी दोन गोष्टी सांगितल्या. एकानं सांगितलं, लवकर बदला. दुसऱ्यानं सांगितलं, बदलाचा खर्च वाहिन्यांच्या भाड्यातून कसा वसूल करायचा यात राजकारण्यांनी पडू नका. दोन्ही निकाल आपापल्या जागी कायद्याला धरून आहेत. पण मध्ये सापडला तो नियामक. त्याची नेमणूक झाली होती मक्तेदारी मोडायला आणि वीज स्वस्त ठेवायला. हवामानाचा उल्लेख कायद्यात होता, पण तो शेजारच्या खात्याचा विषय समजला जाई. आता तोच विषय त्याच्या टेबलावर येऊन पडला.

याचा अर्थ काय हे एका उदाहरणावरून सांगतो. जर्मनीत मोठ्या कारखान्यांना वहन आकारात मोठी सवलत मिळते. वहन आकार म्हणजे आपल्या बिलातही असतो तोच, वीज आपल्या दारापर्यंत आणण्याचा खर्च. सवलतीची अट अशी की, कारखान्याचा वापर वर्षभर जवळजवळ एकसारखा हवा. तो मोजायची रीत सोपी आहे. वर्षभरात वापरलेल्या युनिटना वर्षातल्या सर्वांत मोठ्या भारानं भागायचं. उत्तर ७,००० तासांच्या वर आलं, तर आकारात ८० टक्क्यांपर्यंत सूट. ८,००० च्या वर गेलं, तर ९० टक्क्यांपर्यंत. वर्षाचे तास असतात ८,७६०. तेव्हा रात्रंदिवस एका चालीनं चालणाऱ्या कारखान्यालाच हे जमतं. वर्षाला किमान एक कोटी युनिटचा वापर हवा, अशीही अट आहे.

कोळशाच्या आणि अणुशक्तीच्या काळात या अटीत अर्थ होता. ती केंद्रं एका चालीनं चालत, मग गिऱ्हाईकही तसंच बरं. पण आज जर्मनीची निम्म्याहून जास्त वीज वारा, ऊन अशा स्रोतांतून येते. दुपारी ऊन पडलं आणि वारा सुटला की विजेचा पूर येतो. २०२४ साली तिथल्या घाऊक बाजारात ४५७ तास असे होते की, विजेचा भाव शून्याच्या खाली गेला. म्हणजे वीज घेऊन जा आणि वर पैसेही घ्या! अशा वेळी कारखान्यानं जास्त वीज ओढावी आणि वारा पडला की कमी, हे देशाच्या हिताचं.

आता समजा, एका कारखान्याचा सर्वांत मोठा भार दहा मेगावॉट आहे आणि वर्षाचा वापर सात कोटी वीस लाख युनिट. भागाकार येतो ७,२००. सवलत पक्की. मग एका वाऱ्याच्या दिवशी मालकानं भाव पडलेला पाहून अकरा मेगावॉट वीज घेतली. भाजक अकरा झाला, उत्तर सुमारे ६,५४५ वर आलं, आणि वर्षभराची सवलत हातची गेली. देशाला हवं होतं ते केल्याबद्दल दंड! मालक अर्थातच तसं करत नाही. तो वाऱ्याकडे पाठ फिरवून आपलं यंत्र एका चालीनं चालवत राहतो. आणि त्याला मिळणाऱ्या सवलतीची भरपाई होते ती इतर ग्राहकांच्या बिलातल्या एका अधिभारातून.

बॉनच्या मंडळानं २०२४ च्या उन्हाळ्यात ही अट बदलायचा प्रस्ताव मांडला. वीज मुबलक असेल तेव्हा जास्त आणि टंचाई असेल तेव्हा कमी घेणाऱ्याला सवलत द्यावी, असा त्याचा रोख होता. रसायन, काच, कागद, ॲल्युमिनियम अशा उद्योगांकडून जोरदार विरोध झाला. आमची भट्टी काही दिव्याचं बटण नाही, दर वेळी चालू-बंद करायला, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. काचेची भट्टी एकदा थंड झाली की फुटते. पूर्वी हा वाद मंत्रिमंडळात झाला असता, कामगार संघटना आणि उद्योगपती मंत्र्यांना भेटले असते, काहीतरी तडजोड निघाली असती. आता मंत्र्यांना हात वर करता येतात. बॉनला जा, आमच्या हातात काही नाही.

या मंडळाचे प्रमुख क्लाउस म्युलर. १ मार्च २०२२ रोजी त्यांनी सूत्रं हाती घेतली, रशियानं युक्रेनवर आक्रमण केल्याला जेमतेम आठवडा झाला होता. पुढच्याच महिन्यात रशियाच्या गाझप्रोमची जर्मनीतली कंपनी सरकारनं याच मंडळाच्या देखरेखीखाली दिली. गॅस तुटला तर कोणत्या कारखान्याचा पुरवठा आधी बंद करायचा, याची तयारीही त्यांच्याकडेच होती. तारांचं भाडं तपासायला नेमलेल्या माणसावर काय काय येऊन पडलं, याची यावरून कल्पना यावी.

जर्मनीतला आणखी एक वाद भूगोलाचा आहे. वारा उत्तरेला, समुद्राकडे; मोठे कारखाने दक्षिणेला, बव्हेरियात आणि आसपास. वीज खाली आणण्यासाठी सुमारे ७०० किलोमीटरची एक वाहिनी ठरली. अणुवीज केंद्रं बंद व्हायच्या सुमाराला, २०२२ साली, ती पूर्ण व्हायची होती. बव्हेरियाच्या त्या वेळच्या मुख्यमंत्र्यांना आपल्या हिरव्या कुरणांत उंच मनोरे नको होते, लोकांनाही नको होते. म्हणून २०१५ साली केबल जमिनीखालून न्यायचं ठरलं. खर्च वाढला, वर्षं वाढली. आता ती २०२८ च्या अखेरीस पूर्ण व्हायची आहे. अणुवीज केंद्रं मात्र १५ एप्रिल २०२३ ला बंद झाली. दरम्यान उत्तरेत वारा असूनही चक्क्या थांबवायच्या आणि दक्षिणेत कोळसा किंवा गॅस पेटवायचा, हा उद्योग चालतो आणि त्याची भरपाई दर वर्षी अब्जावधी युरोंच्या घरात जाते. याहून विचित्र म्हणजे, ज्या उत्तरेनं चक्क्यांना जागा दिली तिथल्याच गावांना जास्त वहन आकार पडे, कारण नव्या तारांचा खर्च त्या भागातल्या ग्राहकांकडून वसूल होई. बॉनच्या मंडळानं जानेवारी २०२५ पासून हा जादा खर्च देशभर वाटून दिला. उत्तरेची बिलं उतरली, इतरांना थोडा भार सोसावा लागला. न्याय झाला असं मला वाटतं. पण हा न्याय संसदेत मतदान होऊन झालेला नाही.

शेजारच्या नेदरलँड्समध्ये प्रश्न आणखी वेगळा आहे. तिथं प्रश्न रांगेचा आहे. डचांनी ग्रोनिंगेनच्या जमिनीखालचा गॅस साठ वर्षं वापरला. गॅस काढल्यामुळे भूकंपाचे धक्के बसू लागले, घरांना तडे गेले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथलं उत्पादन थांबवलं गेलं. घरं विजेवर तापवायची, मोटारी विजेवर, कारखाने विजेवर, आणि छपरांवर सौर पत्रे. सगळं एकदम झालं आणि जाळं अपुरं पडलं. नवी जोडणी किंवा वाढीव भार मागणाऱ्या दहा हजारांहून अधिक व्यवसायांची नावं प्रतीक्षा यादीत गेली. पैसे तयार आहेत, यंत्रं आली आहेत, फक्त वीज मिळत नाही.

कायदा काय सांगतो? आधी आला त्याला आधी. कुणाशीही भेदभाव करायचा नाही, हे तर युरोपीय वीज कायद्याचं मूळ तत्त्व. मोठ्या कंपनीनं आपल्याच भावंड कंपनीला पुढे घुसवू नये म्हणून ते केलं होतं आणि ते योग्यच होतं. पण रांग जिथं वर्षानुवर्षं हलत नाही, तिथं या तत्त्वाचा अर्थ असा होतो की, अर्ज आधी आला म्हणून गोदामाला वीज मिळते आणि मागून आलेली शाळा थांबते. तिथल्या नियामकानं एप्रिल २०२४ मध्ये नवा नियम केला. तो ऑक्टोबरपासून लागू झाला. आधी मोठ्या बॅटऱ्यांसारखे जाळ्यावरचा ताण हलका करणारे प्रकल्प. मग पोलीस, संरक्षण, तातडीची रुग्णसेवा. मग पिण्याचं पाणी, शिक्षण, घरं अशा मूलभूत गरजा. बाकीचे त्यांच्यामागे.

वाचताना हे शहाणपणाचं वाटतं. पण समाजाला काय जास्त गरजेचं आणि काय कमी, याची ही यादी आहे. बेकरीवाला म्हणेल, पाव ही मूलभूत गरज नाही का? गॅसची भट्टी सोडून विजेची बसवू पाहणारा कारखानदार म्हणेल, मी तुमच्याच हवामान धोरणानुसार वागतोय आणि तुम्हीच मला मागे ढकलता. दोघांच्याही प्रश्नाला उत्तर देणारी संस्था कोणती, तर जी एरवी दूरध्वनी कंपन्यांच्या स्पर्धेवर आणि दुकानांतल्या फसव्या सवलतींवर लक्ष ठेवते ती.

स्पेनमध्ये जे झालं ते याहून गंभीर. २८ एप्रिल २०२५ रोजी दुपारी १२ वाजून ३३ मिनिटांनी स्पेन आणि पोर्तुगाल या दोन्ही देशांची वीज गेली. रेल्वे थांबल्या, लोक लिफ्टमध्ये अडकले, काहींचे जीवही गेले. वीज पूर्ववत व्हायला दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडली. सुरुवातीला दोन बाजूंनी आरडाओरडा झाला. सौरऊर्जेनं घात केला, असं एक बाजू म्हणे. सौरऊर्जेचा काडीचा संबंध नाही, असं दुसरी. खरी गोष्ट दोघांनाही सोयीची नव्हती. त्या दिवशी जाळ्यातलं व्होल्टेज प्रमाणाबाहेर वाढलं. वाढलेल्या व्होल्टेजपासून स्वतःला वाचवायला एकेक केंद्र बाहेर पडलं, आणि ती बाहेर पडली म्हणून व्होल्टेज आणखी वाढलं. युरोपात अशा कारणानं एवढं मोठं जाळं कोसळल्याची ही पहिलीच नोंद.

व्होल्टेज सांभाळायचं कुणी? याबाबतचा स्पेनचा नियम होता २००० सालचा. तेव्हा वीज म्हणजे कोळसा, गॅस, पाणी आणि अणुशक्ती. म्हणून व्होल्टेजनुसार आपलं यंत्र कमीजास्त करण्याची जबाबदारी अशाच केंद्रांवर होती. सौर आणि पवन केंद्रांना एक ठरावीक प्रमाण पाळायला सांगितलेलं होतं. व्होल्टेज वाढो की पडो, त्यांनी तेच पाळायचं. त्यांच्या यंत्रांना याहून जास्त करता येत नव्हतं अशातला भाग नाही. नियमानं ते मागितलंच नव्हतं. सुधारित नियमाचा मसुदा नियामकाकडे काही वर्षं विचाराधीन होता, प्रायोगिक चाचणीही झाली होती. त्याला मंजुरी मिळाली १२ जून २०२५ रोजी, म्हणजे अंधार होऊन गेल्यावर दीड महिन्यानं. बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात ते हेच. अर्थात फक्त जुन्या नियमावर खापर फोडता येणार नाही. जाळ्याचं नियोजन करणाऱ्यांनी आणि ज्यांच्यावर जबाबदारी होती त्या जुन्या केंद्रांनीही आपलं काम पुरतं केलं नाही, असं सरकारी अहवालात म्हटलं आहे आणि ते दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत आहेत.

मला इथं वेगाचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. सौर पत्रे काही महिन्यांत बसतात. वाहिनीला दहा-बारा वर्षं लागतात. नियम बदलायला मसुदा, हरकती, सुनावणी, दुरुस्ती, पुन्हा हरकती असा रस्ता आहे आणि तो मुद्दामच लांब ठेवलेला आहे, कारण घाईत केलेल्या नियमानं कुणाचं तरी नुकसान होतं. स्वातंत्र्य दिलं म्हणून नियामक वेगवान होत नाही.

मग सरकारनं सरळ हस्तक्षेप करावा का? तोही अनुभव युरोपनं २०२२ साली घेतला. घाऊक बाजारात सर्वांत शेवटी लागणाऱ्या, म्हणजे सर्वांत महाग केंद्राचा जो भाव, तोच सगळ्यांना मिळतो. ऑगस्ट २०२२ मध्ये गॅसचा भाव मेगावॉट-तासाला ३०० युरोंच्या वर गेला. त्याआधी कित्येक वर्षं तो वीसच्या आसपास असे. गॅसवरची वीज महागली, आणि तिच्याबरोबर पाण्याची आणि वाऱ्याचीही. लोक चिडले ते साहजिकच होतं. स्पेन आणि पोर्तुगालनं वीजनिर्मितीच्या गॅसवर मर्यादा घातली. महासंघानं स्वस्तात वीज बनवणाऱ्यांच्या उत्पन्नावर मेगावॉट-तासाला १८० युरोंची तात्पुरती कमाल मर्यादा लावली. ल्युब्लियानाच्या संस्थेनं मात्र त्याआधीच, एप्रिल २०२२ मध्ये, सांगून ठेवलं होतं की बाजाराची ही रचना मोडू नका, देशादेशांत वीज खेळती राहण्याचा फायदा त्यामुळेच होतो. भाव भडकला तो गॅसमुळे. त्या वेळी हे बोलायला धैर्य लागत होतं. पुढे २०२४ साली सुधारणा झाली ती याच धर्तीवर. रचना तशीच ठेवून नव्या वारा-सूर्य प्रकल्पांसाठी दीर्घ मुदतीचे, भाव बांधलेले करार करण्यावर भर आला. स्वतंत्र नियामकाचा उपयोग मला इथं दिसतो. आणि मर्यादाही इथंच दिसते. हिवाळ्यात घर गरम करायला पैसे नसलेल्या माणसाला दिलासा द्यायचा तर तो सरकारी तिजोरीतूनच द्यावा लागला. नियामकाकडे तिजोरी नसते.

एक क्षेत्र असं आहे की जिथं युरोपनं रोजचा निर्णय माणसाच्या हाती ठेवलाच नाही. २००५ पासून वीज केंद्रं आणि मोठे कारखाने यांना कार्बन सोडण्यासाठी परवाने घ्यावे लागतात, आणि त्यांचा बाजार आहे. पहिल्या टप्प्यात देशोदेशींच्या सरकारांनी आपापल्या उद्योगांना इतके परवाने वाटले की २००७ साली त्यांचा भाव जवळजवळ शून्यावर आला. मंदीनंतर २०१३ साली तो पाच युरोंच्याही खाली होता. मग एक सूत्रच कायद्यात घातलं. बाजारात परवाने फार झाले की ठरलेल्या प्रमाणात ते आपोआप काढून घेतले जातात. हे २०१९ पासून सुरू झालं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये भाव प्रथमच टनामागे १०० युरोंच्या वर गेला. पण सूत्र मोडता येत नसलं, तरी पुढे ढकलता येतं. घरं तापवण्याच्या आणि मोटारींच्या इंधनासाठी अशीच दुसरी व्यवस्था २०२७ साली यायची होती. ती थेट घरखर्चाला भिडणार होती. २०२५ च्या अखेरीस सदस्य देश आणि संसद यांनी ती एक वर्ष पुढे नेण्यावर तडजोड केली.

याच व्यवस्थेचं एक टोक आपल्यापर्यंतही आलं आहे. १ जानेवारी २०२६ पासून युरोपात पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं आयात करणाऱ्याला त्या मालामागच्या कार्बनचा आकार भरावा लागतो. म्हणून आपल्याकडच्या निर्यातदाराला भट्टीत किती कोळसा जळला याचा हिशेब ठेवून तो युरोपच्या नियमांप्रमाणे तपासून घ्यावा लागतो. ते नियम करणाऱ्यांना मत देण्याचा प्रश्नच येत नाही.

माझं स्वतःचं मत असं की, लक्झेंबर्गचं न्यायालय चुकलं नाही. भाडं कसं मोजायचं हे मंत्र्यांच्या हाती देऊ नये. पण कारखान्याला किती सांभाळायचं आणि भाडेकरूला किती, हे मोजमाप नव्हे. ते संसदेनं उघडपणे ठरवावं, मत देऊन ठरवावं, आणि मग नियामकानं त्याबरहुकूम सूत्र लिहावं. आज नेमकं हेच कुणी करत नाही, कारण न करण्याची सोय झाली आहे.

बॉनमध्ये सध्या याहून मोठं काम चालू आहे. ज्या सरकारी नियमावलीत त्या ७,००० तासांची सवलत आहे, तिची मुदत २०२८ च्या अखेरीस संपते. त्यानंतर संपूर्ण वहन आकाराची रचना मंडळानं नव्यानं करायची आहे. मे २०२५ मध्ये त्यांनी चर्चेसाठी एक टिपण प्रसिद्ध केलं. जर्मनीत जाळ्याचा खर्च आतापर्यंत ग्राहकच देतात, वीज निर्माण करणारा देत नाही. यापुढे त्यानंही द्यावा का, हा त्यातला एक प्रश्न. दुसरा प्रश्न घरांचा. बव्हेरियातल्या ज्या घरमालकाच्या छपरावर सौर पत्रे आहेत तो बाहेरून थोडीच युनिट घेतो, म्हणून त्याला वहन आकार थोडा पडतो. पण ढगाळ दिवशी त्याला तीच तार लागते. बर्लिनमध्ये चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या भाडेकरूला छप्परच नाही. तो प्रत्येक युनिटमागे पूर्ण आकार भरतो. स्थिर आकार वाढवला तर ही विषमता कमी होईल, पण ज्यांनी सरकारच्या आवाहनावरून कर्ज काढून पत्रे बसवले त्यांचं गणित बिघडेल. दोघांच्याही संघटनांना आपलं म्हणणं मांडता येईल. नवे आकार २०२९ च्या पहिल्या बिलापासून लागू करायचे आहेत.